अकरावीची मुलं अंगणवाडीत कशाला?

"बालविकास शिकवता ना, मग पोरांना दर आठवड्याला अंगणवाडीत कशाला नेता?" पालक हमखास विचारतात. एखादी आई म्हणते, भावंडं सांभाळूनच आमच्या मुली मोठ्या झाल्या, त्यांना यातलं काय शिकवायचं?

खरं आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत आई शेतात आणि धाकटं थोरलीच्या कडेवर, हे आमच्या खान्देशात घरोघरी. पण मूल सांभाळणं वेगळं आणि मूल बघणं वेगळं. सांभाळताना रडणं थांबवायची घाई असते. बघताना ते कधी रडलं, किती वेळ, कोण दिसल्यावर गप्प झालं, हे वहीत उतरवायचं असतं. पहिल्या दिवशी सगळ्या वह्यांत एकच ओळ: 'मूल हट्टी आहे.' मी विचारते, त्यानं केलं काय, ते लिही.

मुलांचा विचार वयानुसार कसा बदलतो हे सांगणारा मानसशास्त्रज्ञ पियाजे पुस्तकात आहेच, मुलं पाठही करतात. अंगणवाडीत आम्ही दोन सारखे पेले पाण्यानं सारखेच भरतो. मग मुलादेखत एकातलं पाणी उंच, अरुंद ग्लासात ओततो. चार वर्षांचं पोर ठामपणे सांगतं, यात जास्त! माझ्या एका विद्यार्थ्यानं पाणी परत पेल्यात ओतून सारखं असल्याचं दाखवलं. पुन्हा ग्लासात ओतलं, तर उत्तर तेच. परतताना तो हळूच म्हणाला, "मॅडम, दुधाच्या पेल्यावरून मी धाकट्याला मारायचो. वाटायचं, मुद्दाम करतो."

दंडाचा घेर मोजून कुपोषण ओळखायची रंगीत पट्टीही तिथेच हातात येते. १२.५ सेंटीमीटरच्या आतला पिवळा आणि ११.५ च्या आतला लाल पट्टा खऱ्या दंडावर पाहिला, की कुपोषण हा शब्द पाठ करावा लागत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीत काम सुरू केलं, तेव्हा मुलं शाळेत येईनात म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. मग आम्ही चार भिंतींत का बसायचं?

यंदा एक चिमुरडी तीन आठवडे तोंडच उघडेना. वहीत नोंद झाली, 'भाषाविकास मागे.' चौथ्या आठवड्यात आमची एक मुलगी शेजारी बसून म्हणाली, "तुनं नाव काय शे?" पोरीनं नाव सांगितलं, मग बकरीचं सांगितलं, मग आजीचं, आणि थांबेचना.

"मॅडम, मागची नोंद खोडू?"

"नको. खाली आजची तारीख घाल आणि ती अहिराणीत काय काय बोलली ते लिही."