दोन पिनांचं काम: ड्युअल-स्पोर्टचे फूटपेग बदलताना

ड्युअल-स्पोर्टचे, म्हणजे डांबरी रस्त्यावर आणि कच्च्या वाटेवरही चालणाऱ्या मोटरसायकलचे फूटपेग (पाय ठेवायच्या पट्ट्या) बदलायला किती वेळ लागेल असं कुणी विचारलं असतं, तर मी छाती ठोकून सांगितलं असतं, अर्धा तास. दोन पेग, दोन पिना, दोन स्प्रिंगा. जुनं काढायचं, नवं घालायचं. पेग एका दुपारी बसले हे खरं, पण गाडी पुन्हा माझ्या पायाला बसायला तीन आठवडे गेले. त्यातले पहिले दोन दिवस तर मी मागचा ब्रेक भाजत फिरत होतो.

गाडीबरोबर आलेले पेग अरुंद होते, वर रबराची गादी. बसून चालवणाऱ्याला त्यांच्याबद्दल तक्रार करायला जागा नाही. वजन सीटवर असतं, पाय नुसते टेकलेले. पण खडीचा नाहीतर खड्ड्यांचा रस्ता लागला आणि उभं राहिलं की सगळं शरीर त्या दोन पट्ट्यांवर येतं. मी रुंदी मोजली तर ३२ मिलिमीटर, जेमतेम दोन बोटं. वीस मिनिटं उभं राहिलं की तळव्याच्या खळग्यात कुणी आडवी सळई दाबून धरल्यासारखं व्हायचं. आणि चिखल लागला की ते रबर म्हणजे ओला साबण. एकदा ओढ्यातून वर चढताना डावा पाय सटकला आणि नडगी थेट पेगवर आपटली. त्या संध्याकाळी मी पेग शोधायला बसलो. ‘पेग बदलतोय’ असं घरी सांगितल्यावर जे व्हायचं ते झालंच.

रबर काढून खालच्या उघड्या लोखंडावर काही दिवस चालवून पाहिलं. बऱ्याच ड्युअल-स्पोर्ट गाड्यांचं रबर एक-दोन बोल्ट काढले की निघतं आणि खाली कंगोरे असतात. पकड सुधारली, पण रुंदी तेवढीच राहिली, शिवाय रबर गेल्यामुळे पेगची उंची थोडी कमी झाली. पैसे न खर्चता करून बघावा असा हा प्रयोग आहे. मला पुरला नाही.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. उभं राहिलं की गुरुत्वमध्य खाली जातो, असं खूप जण सांगतात. जात नाही. उलट माणूस वर गेल्यामुळे माणूस आणि गाडी यांचा एकत्र मध्य वरच सरकतो. फरक वेगळा आहे. बसलेला माणूस गाडीला खिळलेला असतो, उभा असला की गाडी त्याच्या खाली डावी-उजवीकडे, वर-खाली हलू शकते आणि गुडघे शॉकअॅब्सॉर्बरचं काम करतात. हे सगळं पेगमधूनच होतं. वळताना बाहेरच्या पेगवर भार द्यायचा, घसरणाऱ्या चाकाला पायानेच सांभाळायचं, आणि त्यासाठी तळव्याखाली काहीतरी ठाम हवं.

नवे पेग निवडताना मी रुंदीकडे पाहिलं आणि धातूकडे. अॅल्युमिनियम हलकं असतं, पण दगडावर जोरात आदळलं तर तडकण्याची भीती. स्टील वाकतं आणि वाकलेलं बरेचदा ठोकून सरळ करता येतं. टायटेनियम शर्यतीवाल्यांना लखलाभ. मी स्टीलचे घेतले, ५७ मिलिमीटर रुंद. वजन थोडं वाढलं, ते टूलबॅगमधले कधीच न वापरलेले दोन पाने काढून भरून काढलं.

खरी काळजी घ्यायची ती पेग गाडीला जिथे अडकतो तिथे. दोन गाड्यांचे पेग फोटोत जुळ्या भावांसारखे दिसतात आणि एकाची पिन दुसऱ्याच्या भोकात जात नाही. पिनचा व्यास, ब्रॅकेटच्या (गाडीवर पेग धरणाऱ्या लोखंडी तुकड्याच्या) दोन कानांमधलं अंतर, आणि पेगची टाच जिथे ब्रॅकेटवर टेकते तो कोन, एवढं जुळायला हवं. पहिल्या दोन गोष्टी मी व्हर्नियरने मोजल्या. तिसरीसाठी विकणाऱ्याच्या यादीत माझ्या गाडीचं मॉडेल आणि साल आहे का ते पाहिलं. हे पेग मूळ पेगपेक्षा १२ मिलिमीटर खाली बसणारे होते. मी उंच असल्याने ते मला हवंच होतं: बसल्यावर गुडघा थोडा मोकळा होतो आणि उभं राहिल्यावर हँडल तेवढंच वर आल्यासारखं वाटून कंबरेत कमी वाकावं लागतं. बारा मिलिमीटर म्हणजे बोटाच्या नखाएवढं. तेवढ्याने काय बिघडणार, असं मी मनात म्हणालो.

सुरुवात उजव्या बाजूने केली. गाडी साइड स्टँडवर डावीकडे कलते, त्यामुळे उजवा पेग हाताशी वर येतो. मुख्य पिन निसटू नये म्हणून तिच्या टोकात एक स्प्लिट पिन असते, दोन पाय वाकवून अडकवलेली बारीक तार. ती गंजून भोकात मुरली होती. पाय सरळ करून ओढायला गेलो तर एक तुटला. उरलेला तुकडा बारीक पंचने (हातोडीखाली धरायच्या लोखंडी कांडीने) मागून ठोकून बाहेर काढला. मुख्य पिन मात्र जागची हलेना. इथे हातोडीचा मोह आवरावा लागतो. पिनच्या टोकावर थेट घाव घातले की टोक छत्रीसारखं पसरतं आणि मग ती भोकातून निघणं आणखी अवघड होऊन बसतं. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवली. सकाळी पिनपेक्षा जरा बारीक पंच लावून चार हलके ठोके दिले, तशी ती निमूटपणे सरकली. पेग निघण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवले होते. कुठला वॉशर कुठे होता हे दुसऱ्या दिवशी आठवेल असं प्रत्येकाला वाटतं.

नव्या पेगच्या भोकात पिन जाईना, तेव्हा क्षणभर पोटात गोळा आला. भिंगातून पाहिलं तर आतल्या कडेला रंगाचा थर होता. पॉलिश पेपरची सुरळी करून दहा-बारा फेरे मारले आणि पिन बोटाने ढकलता येईल इतपत सैल झाली. एवढंच घासायचं. पेगची टाच ब्रॅकेटवर जिथे टेकते तिथे कानस लावायचा नाही. तिथलं अर्धा मिलिमीटर गेलं तरी पेगचं बाहेरचं टोक चांगलंच खाली झुकतं, आणि गेलेलं लोखंड परत आणायला वेल्डिंगशिवाय उपाय नाही.

मग स्प्रिंग. पेग दगडाला लागला तर वर-मागे मुडपतो आणि ही स्प्रिंग त्याला परत जागेवर आणते. एक टोक ब्रॅकेटला टेकवायचं, दुसरं पेगमध्ये, आणि ताण दिलेल्या अवस्थेत तीन भोकं एका रेषेत आणून पिन घालायची. त्याला तीन हात लागतात. पहिल्या प्रयत्नात स्प्रिंग निसटून कपाळाजवळून गेली आणि कपाटाखालून शोधावी लागली. त्यानंतर मी गॉगल घातला. अखेर जमलं ते असं: आधी पिनऐवजी एक बारीक स्क्रूड्रायव्हर खालून घालून पेग, स्प्रिंग आणि ब्रॅकेट एकत्र अडकवलं, पेग हाताने घट्ट धरून भोकं एका रेषेत आणली, आणि वरून पिन घालत तिनेच स्क्रूड्रायव्हर बाहेर ढकलला. पिनला आधी ग्रीस. पिनचं डोकं वरच्या बाजूला, स्प्लिट पिन खाली, म्हणजे ती कधी तुटलीच तरी मुख्य पिन आपल्या वजनाने लगेच खाली पडणार नाही. स्प्लिट पिन नवीनच. एकदा वाकवून सरळ केलेली परत वापरायची नाही.

डाव्या बाजूला मी स्वतःवर खूश होतो, म्हणून चुकलो. पेग बसला, पण वर मुडपला की वरच राहायचा. स्प्रिंगा डाव्या-उजव्या वेगळ्या असतात, आरशातल्या प्रतिमेसारख्या उलट गुंडाळलेल्या. मी उजवी स्प्रिंग डावीकडे घातली होती, म्हणजे उजवीकडे कुठली गेली होती ते सांगायला नको. उजवा पेग मी हलवून पाहिलाच नव्हता. दोन्ही पुन्हा काढले. मग साइड स्टँड वर-खाली करून तो रुंद पेगला घासत नाही ना, आणि दोन्ही पेग पूर्ण मुडपताना इंजिनच्या कव्हरला किंवा ब्रेक पेडलला अडत नाहीत ना, हे पाहिलं. दुपार संपली. मी फेरी मारून आलो, जणू नवी गाडीच.

दुसऱ्या दिवशी मागून येणारा मित्र थांबल्यावर म्हणाला, “अरे, तुझा ब्रेक लाइट सतत पेटलेला असतो.” मी म्हटलं, “स्विच अडकला असेल, बघतो घरी गेल्यावर.” बघितला नाही. तिसऱ्या दिवशी गाडी जड वाटू लागली. थ्रॉटल देऊनही कुणीतरी मागून धरल्यासारखी. एका ठिकाणी थांबलो तर जळका वास, आणि मागच्या डिस्कवर बाटलीतलं पाणी शिंपडलं तर चर्र झालं. ब्रेक पेडल दगडासारखं घट्ट. अर्धा तास थंड होऊ दिल्यावर ते आपोआप सैल झालं, आणि तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

पेग १२ मिलिमीटर खाली गेला, म्हणजे टाच तेवढी खाली गेली. पेडल मात्र होतं तिथेच. आता बुटाचा पुढचा भाग नुसता टेकवला तरी पेडलवर दाब येत होता, आणि जाड तळव्यातून मला तो कळत नव्हता. थोडासा दाब असला तरी मास्टर सिलिंडरमधला (पेडलचा दाब ब्रेकच्या तेलाला देणाऱ्या भागातला) पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि तेल त्याच्या छोट्या टाकीत परत जाण्याचं बारीक भोक बंद राहतं. पॅड घासून तेल तापतं, तापलेलं तेल फुगतं, फुगलेल्या तेलाला जायला वाट नसते, म्हणून ते पॅड आणखी दाबतं. पाय काढला तरी ब्रेक सुटत नाही. हे आणखी थोडं चाललं असतं तर चालत्या गाडीचं मागचं चाक जाम झालं असतं.

उपाय दहा मिनिटांचा. मास्टर सिलिंडरच्या पुशरॉडवरचा (पिस्टन ढकलणाऱ्या दांडीवरचा) चेक नट सैल करून रॉड फिरवला की पेडल खाली-वर होतं. फक्त रॉडचे पुरेसे आटे क्लेव्हिसमध्ये (रॉड पेडलला जोडणाऱ्या तुकड्यात) अडकलेले राहायला हवेत, आणि पेडलला शेवटी मॅन्युअलमध्ये दिलेला मोकळा खेळ हवाच. पेडल पूर्ण बारा मिलिमीटर खाली घ्यावं असं आधी वाटलं, पण उभं राहिल्यावर मी त्याच्यापर्यंत पोचेना. उभ्याने घोट्याचा कोन बदलतो, तेव्हा पेडल थोडं वरच लागतं. शेवटी ८ मिलिमीटरवर तडजोड केली. ब्रेक लाइटचा स्विच वेगळा लावावा लागला. त्याचं प्लास्टिकचं अंग हाताने धरून फक्त नट फिरवायचा. अंग फिरवलं तर वायरीच पिळतात. पॅड काढून पाहिले तर वरचा थर काचेसारखा गुळगुळीत झाला होता, म्हणून नवे घातले. इतकं तापलेलं तेलही ठेवावंसं वाटलं नाही. जुनं काढून नवं डॉट ४ दर्जाचं ब्रेकचं तेल भरलं.

गियर लिव्हरने वेगळाच छळ केला. पेग खाली गेल्यामुळे तो माझ्या पायाला वर वाटू लागला, आणि खालचा गियर टाकायला दर वेळी टाच उचलावी लागायची. माझ्या गाडीत मध्ये जोडदांडी नाही, लिव्हर थेट शाफ्टच्या दात्यांवर बसतो. त्यामुळे पुढे-मागे करायचं तर एक-एक दात्यानेच. बोल्ट नुसता सैल करून लिव्हर निघत नाही हेही तेव्हाच शिकलो. बोल्ट शाफ्टच्या खाचेतून जातो, पूर्ण काढावा लागतो. एक दात खाली घेतला तर टोक चांगलं बोटभर खाली आलं. रुंद पेगची पुढची कड आधीच लिव्हरच्या जवळ आली होती, त्यात जाड बुटाचा चवडा खाली शिरेचना. दुसऱ्यावरून तिसरा टाकताना दोनदा गियर पोकळ गेला. आठवडाभर शिव्या घालून पुन्हा मूळ दातावर आणला आणि पायालाच सवय लावली. टाच उचलणं आता आपोआप होतं, पण साधे बूट घातले की अजून चुकतो.

उभ्याने चालवणं मात्र पार बदललं. तासभर उभा राहिलो तरी तळवा बोलत नाही, आणि चिखलातून गेल्यावर पेगच्या मधल्या पोकळीतून चिखल खाली गळून जातो. सरळ गुळगुळीत रस्त्यावर उलटं आहे. एकच सिलिंडर असलेल्या इंजिनाची सगळी थरथर आता विनागाळणी पायात येते, कारण ती मुरवायला रबर नाही. मऊ तळव्याचे बूट तर नव्या पेगच्या दातांनी महिन्याभरात कुरतडले. गाडी ढकलताना पोटरीला एक ओरखडा ठरलेला.

पाचशे किलोमीटरनंतर दोन्ही बाजू उघडून पाहिल्या. स्प्लिट पिना जागेवर, ग्रीस थोडं काळं झालेलं. जुना उजवा पेग शेवटच्या वर्षी बाहेरच्या टोकाला झुकला होता, तसा काही प्रकार नव्यात नाही. जुने पेग रबरासकट डब्यात घालून ठेवलेत, गाडी विकताना लागतील. जुनी उजवी पिन तेवढी ठेवली नाही. तिच्या मधोमध नख अडकेल एवढी खाच पडली होती.