जोडताना की तोडताना?

नववीत असताना घरचा एलिमिनेटर, म्हणजे घरच्या विजेपासून १२ व्होल्ट देणारा डबा, बिघडला. टाकून देण्याआधी मी तो उघडला. जळले होते ते डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग), ट्रान्सफॉर्मर ठणठणीत होता. त्याच्यावर इंडक्शन कॉइल चालवायची असं ठरवलं, म्हणजे थोड्या व्होल्टवर मोठी ठिणगी पाडणारं तारेचं वेटोळं. दुसऱ्या एका भंगार ट्रान्सफॉर्मरची २३० व्होल्टची बाजू उकलून केसासारखी बारीक तार मिळवली. ती कितीदा तुटली याला गणतीच नाही. लोखंडी तारांची जुडी, तिच्यावर जाड तारेचे दोनशे वेढे, मेणकागद, त्यावर बारीक तारेचे काही हजार. दोन महिने घरात माझ्याशी कोणी बोलत नव्हतं, कारण मी सतत वेढे मोजत असे.

प्रयोगशाळेत नवे डायोड लावून १२ व्होल्ट जोडले. काहीच नाही. कॉइल कोमट झाली, एवढंच. वैतागून तार ओढली, तर टोकांमध्ये चट्कन निळी ठिणगी! वह्या तपासणाऱ्या सरांनी मान वर न करता विचारलं, "कधी पडली रे? जोडताना की तोडताना?"

"तोडताना."

"मग सारखी तोड की."

फॅरेडेचा १८३१ चा शोध मी परीक्षेत घोकून लिहिला होता. बदलतं चुंबकक्षेत्रच वीज उत्पन्न करतं, हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. सरांनी अडगळीतली विजेची घंटा काढून दिली. वाटी काढून टाकल्यावर तिचा हातोडा सेकंदाला कितीतरी वेळा प्रवाह तोडू लागला. संपर्काची टोकं जळायला लागली, तेव्हा सरांनी तिथे कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवणारा भाग, लावला. फ्रेंच शास्त्रज्ञ फिझोने १८५३ मध्ये हेच केलं होतं म्हणे. ठिणगी ४ मिलिमीटर झाली. मिलिमीटरला ३००० व्होल्ट, म्हणजे १२,०००, असं मी अभिमानाने फळ्यावर लिहिलं. "टोकदार तारांना त्याहून कमी पुरतात," सर म्हणाले आणि माझा आकडा त्यांनी स्वतः पुसला.

आमचा ट्रान्सफॉर्मर मुठीएवढा होता, हे नशीब. मायक्रोवेव्हमधला हाती लागला असता तर? त्याचे सुमारे २००० व्होल्ट आणि मागचा प्रवाह एका स्पर्शात जीव घेतात. तसल्या ट्रान्सफॉर्मरला आज मी कुणा मुलाला हात लावू देणार नाही.

विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशी पाहुण्यांच्या भाषणात लाउडस्पीकर अखंड खरखरत होता. माइक बदलला, वायर बदलली. शेवटी सर मागच्या दाराने माझ्या टेबलाशी आले आणि कानाशी वाकून म्हणाले, "अरे, आता मात्र जोडू नकोस."