संक्रांतीपासून अधिक महिन्यापर्यंत : घरच्या समारंभांसाठीचे शिवणकाम

घरच्या समारंभासाठी शिवलेली वस्तू त्या समारंभात फार तर तासभर वापरली जाते आणि त्यानंतर ती वर्षानुवर्षे त्या घरात राहते. म्हणून यंदा प्रत्येक भेट बेतण्यापूर्वी मी तिचा समारंभानंतरचा उपयोग आधी ठरवला आणि कापड, टाका, अस्तर या सगळ्यांची निवड त्या उपयोगावरून केली. मागील नोंदीनंतर बरेच काम हातावेगळे झाले आहे. त्यातील जे इतर शिवणाऱ्यांच्या उपयोगी पडेल ते येथे मापांसह लिहीत आहे.

संक्रांतीच्या वाणासाठी कापडी पिशव्या केल्या. त्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही, परंतु बेतण्याचा हिशेब नोंदवून ठेवते. ४४ इंची पन्ह्याच्या (रुंदीच्या) एक मीटर सुती कापडातून ११ बाय १३ इंचांचे बरोबर १२ तुकडे निघतात आणि चिंधीसुद्धा उरत नाही. तुकडा १३ इंचांच्या बाजूने मध्यावर दुमडून दोन टिपा घातल्या, तोंडाशी नेफा ठेवला आणि दोन्ही बाजूंनी दोरी ओवली की पाव किलो तिळगूळ सहज मावेल एवढी पिशवी तयार होते. रथसप्तमीपर्यंतचे हळदीकुंकू संपल्यावर तीच पिशवी कढीपत्ता, आले, मिरच्या आणायला भाजीबाजारात जाते. त्यासाठी आतील कडा उघडी न ठेवता फ्रेंच शिवण (कडा आत झाकणारी दुहेरी शिवण) घालणे मात्र आवश्यक आहे, कारण सुटलेले धागे दोरीत अडकतात आणि दोन धुण्यांत पिशवीची रया जाते.

मावसबहिणीच्या मुलीच्या बोरन्हाणासाठी काळे परकर-पोलके शिवले. काळ्या कापडाची परीक्षा बेतण्याआधीच करावी लागते. कोपरा ओला करून त्यावर पांढरे फडके जोराने घासले आणि फडक्याला रंग लागला, तर ते कापड लहान मुलाच्या अंगासाठी घेऊ नये. बोरे, उसाचे करवे आणि बत्ताशांचा चिकटपणा अंगावर येणार असल्यामुळे ते कापड त्याच दिवशी ओले होणार हे ठरलेलेच असते. बोरन्हाण साधारणपणे मूल पाच वर्षांचे होईपर्यंत करतात, तेव्हा हे परकर-पोलके पुढील संक्रांतीलाही अंगाला यावे अशी तजवीज केली. परकराच्या घेराला काठाच्या वर आतून दोन इंचांची दुमड घेतली आणि ती इंचात सहाच टाके पडतील अशा लांब टिपेने शिवली. पोलक्याच्या दोन्ही कुशींना दीड-दीड इंच कापड राखले. ती लांब टीप मुलीच्या आईला कात्रीच्या टोकाने सहज उसवता येईल आणि परकर शिंप्याकडे नेण्याची गरज पडणार नाही.

या काळातील सर्वांत मोठे काम भाच्याच्या बारशाचे होते. आमच्याकडे बाळाच्या जन्माआधी नवे कपडे बेतत नाहीत आणि बारसे बाराव्या दिवशी, म्हणजे कात्रीपासून शेवटच्या गाठीपर्यंतचे सारे काम त्या बारा दिवसांतच बसवायचे होते. रीत कापडाला कात्री लावण्याची आहे, कापड तयार ठेवण्याची नाही. त्यामुळे मलमल आणि मऊ सुती कापड मी आधीच रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून ठेवले होते. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात साधारणपणे शेकडा ३ ते ५ आटते आणि बाळाच्या झबल्यासारख्या लहान मापात तेवढ्या फरकानेही गळा घट्ट होतो. भावजयीने एकच मागणी केली होती. ती म्हणाली, “ताई, कपाटात जपून ठेवावं लागेल असं काही करू नका, रोज वापरता येईल असं करा.” पुढचे सारे काम मी या मागणीला धरूनच केले.

दुपट्यासाठी आईची एक जुनी पाचवारी सुती साडी घेतली. पाच मीटर लांबी आणि ४४ इंच पन्हा असलेल्या साडीतून ३६ इंच लांबीचे पाच तुकडे निघतात आणि पाचही थर एकाच साडीचे असल्यामुळे धुतल्यावर ते सारखेच आटतात. वेगवेगळ्या कापडांचे थर घेतले की आतला थर आखडतो आणि दुपट्यावर कायमचे फुगवटे येतात. नाशिकची थंडी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना पाच थर फार वाटणार नाहीत. निफाडकडे तर काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो. धावदोरा हातानेच घातला. गोधडीप्रमाणे कडेपासून सुरुवात करून चौकोनाच्या आत चौकोन असे मध्यापर्यंत गेले आणि दोन ओळींमध्ये अंगठ्याच्या रुंदीएवढे अंतर ठेवले. मशीनने हे काम लवकर होते, हे खरे आहे. परंतु मशीनची टीप थर आवळून धरते आणि दुपटे ताठ होते. हाताचा धावदोरा थरांमध्ये थोडी हवा राहू देतो, त्यामुळे ऊब अधिक मिळते आणि धुतल्यावर दुपटे लवकर मऊ पडते. माझ्या मते बाळाच्या अंगाला लागणाऱ्या गोष्टींपैकी केवळ दुपट्यालाच एवढा वेळ द्यावा, कारण झबली तीन महिन्यांत लहान होतात आणि दुपटे मूल शाळेत जाईपर्यंत सोबत राहते.

कुंचीचा, म्हणजे बाळाच्या डोक्यावरून पाठीवर उतरणाऱ्या टोपड्याचा, विचार मात्र वेगळा करावा लागला, कारण ती खरोखरच मोजक्या प्रसंगांची वस्तू आहे. आईच्या एका जुन्या येवल्याच्या पैठणीचा काठ अजून चांगला होता, पण अंग घडीच्या रेषांवर विरलेले होते. वर्षानुवर्षे त्याच घडीत ठेवलेल्या रेशमी साडीत जरीची तार आणि रेशीम घडीवरच तुटते. म्हणून साडी उजेडासमोर धरून त्या रेषांवर आधी खडूने खुणा केल्या आणि तुकडे त्यांच्यामधून काढले. पदराला हात लावला नाही. पैठणीच्या पदरावरील नक्षीत प्रत्येक रंगाचा बाणा (आडवा धागा) त्याच्या नक्षीपुरताच जातो आणि शेजारच्या रंगात गुंतवलेला असतो. याच विणीमुळे नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि याच विणीमुळे मध्येच कापल्यास ती भराभर सुटते. ज्यांना पदराचा तुकडा घ्यावाच लागेल, त्यांनी कापण्याच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना बारीक टीप घालून मगच कात्री चालवावी. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि नाशिकहून येवला सुमारे ऐंशी किलोमीटरच आहे. म्हणून आपल्या घरांतून अशा जुन्या साड्या पुष्कळ निघतात आणि त्यांच्या तुकड्यांविषयी एवढी काळजी घेणे आपल्याला शक्य आहे, असे मला मनापासून वाटते.

कुंचीसाठी १८ बाय २६ इंचांचा आयत घेतला. वरची १८ इंचांची कड मध्यावर दुमडून शिवली की कपाळापासून मागच्या टोकापर्यंत नऊ इंचांची शिवण होते. वरून सात इंचांवर गळ्याची रेषा धरून तेथे चुण्या घेतल्या आणि १८ इंचांचे नऊ इंच केले. चुण्यांवर आतून पट्टी बसवली, चेहऱ्याभोवतीच्या कडांना पैठणीचा काठ लावला आणि संपूर्ण कुंचीला मलमलीचे अस्तर दिले. जरीची तार बाळाच्या गालाला खरखरीत लागते, म्हणून अस्तर काठाच्या मागून पाव इंच पुढे काढून कडेवर वळवले. गळ्यात ओढायची दोरी घातली नाही. शिवलेल्या चुण्या आणि सहा इंचांचे दोन बंद एवढेच ठेवले, कारण सरकणारी दोरी बाळाच्या गळ्याशी असू नये. बाळाच्या सुरक्षिततेसाठीच मणी आणि टिकल्या वर्ज्य केल्या आणि टोकाचा गोंडा उलट्या टिपेने घट्ट शिवला.

वरची नऊ इंचांची शिवण आणि गळ्याच्या चुण्या हाताने घातल्या आहेत आणि त्या तशाच घालाव्यात, अशी माझी शिफारस आहे. बारसे आणि घरातील पहिले काही सण झाले की त्या दोन शिवणी उसवायच्या, गोंडा काढायचा आणि कुंचीचा पुन्हा अस्तर लावलेला सपाट आयत होतो. भावजयीने तो देव्हाऱ्यातील पोथी गुंडाळण्यासाठी वापरायचे ठरवले आहे. मशीनची बारीक टीप रेशमातून उसवली असती, तर छिद्रांची ओळ कायम दिसली असती. रेशमावर टाचण्यासुद्धा शिवणीच्या जागेतच लावाव्यात, कारण टाचणीचे छिद्र रेशमात बुजत नाही.

यानंतर ज्या कामाने मला सर्वांत अधिक समाधान दिले, ते पाटाच्या आसनाचे काम झाले. वाढदिवसाचे औक्षण, राखीपौर्णिमा, भाऊबीज, डोहाळजेवण, परीक्षेला किंवा प्रवासाला निघताना लावलेले कुंकू, या सर्व प्रसंगी घरात एकच पाट मांडला जातो. तरीही त्याच्यासाठी स्वतंत्र आसन फार थोड्या घरांत असते आणि आयत्या वेळी एखादा टॉवेल घातला जातो. वर्षातून इतक्या वेळा लागणारी दुसरी शिवलेली भेट मला सुचत नाही. आमचा पाट १८ बाय १५ इंचांचा आहे. आतील गादी जुन्या चादरीच्या चार थरांची केली आणि तिच्यावर दोन-दोन इंचांवर आडव्या-उभ्या टिपा घातल्या. वरचे आवरण उशीच्या अभ्र्यासारखे काढता येते. त्याच्या मागे चार इंच एकावर एक येणाऱ्या दोन पट्ट्या आहेत, त्यामुळे चेन किंवा बटण लागत नाही. बसताना आसन सरकू नये म्हणून चारही कोपऱ्यांना पाटाच्या पायांभोवती बांधायचे बंद लावले.

आवरण वेगळे काढता येणे का आवश्यक आहे, हे हळदीमुळे कळते. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो आणि त्यामुळे अनेकांना कापड वाया गेले असे वाटते. हळदीतील रंगद्रव्य क्षाराच्या संपर्कात लाल होते, एवढेच त्याचे कारण आहे. साबण पूर्ण निघाल्यावर कापड ओले असतानाच कडक उन्हात घातले की तेच रंगद्रव्य फिके होत जाते. जाड गादी अशा रीतीने वारंवार धुता आणि वाळवता येत नाही, आवरण येते. निरांजनाच्या तेलाचा डाग मात्र उन्हाने जात नाही. त्यावर धुण्याआधी बेसन किंवा खडूची पूड टाकून तेल शोषू द्यावे.

निरांजन जवळ असल्यामुळे आवरणाचे कापड शुद्ध सुतीच असले पाहिजे, याबाबत मी कोणतीही तडजोड करत नाही. खणाच्या नावाने मिळणाऱ्या पुष्कळशा कापडांत कृत्रिम धागा असतो. नाशिकच्या मेन रोड आणि दहीपूल परिसरातून आणलेल्या नमुन्यांचे दोन-दोन धागे काढून मी ते चिमट्यात धरून जाळून पाहिले. सुती धागा जळलेल्या कागदासारखा वास देतो आणि त्याची मऊ राख होते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कठीण मणी होतो. आडवा आणि उभा असे दोन्ही धागे तपासावेत, कारण ताणा सुती आणि बाणा कृत्रिम असे मिश्रण सर्रास आढळते. शेवटी गर्द तांबड्या सुती कापडाचे आवरण केले आणि त्याला खणाची केवळ बारीक किनार खालच्या बाजूस, ज्योतीपासून दूर, लावली. पुढच्या कडेला घरातील प्रत्येकाच्या नावे एक रंग ठरवला आहे. ज्याचा वाढदिवस असेल, त्याच्या रंगाचे साखळी टाक्याचे एक फूल त्या आठवड्यात भरले जाते. माझ्या सासूबाईंनी स्वतःच्या फुलासाठी जांभळा रंग निवडला आणि तो आग्रहाने बदलून घेतला, कारण पहिला जांभळा त्यांना पुरेसा गडद वाटला नव्हता.

मशीनच्या सुयांबाबत एक छोटी नोंद करते. मलमल आणि रेशमासाठी ११ क्रमांकाची, साध्या सुती कापडासाठी १४ क्रमांकाची आणि आसनाच्या थरांसाठी १६ क्रमांकाची सुई वापरली. पाकिटावर ९०/१४ असे लिहिलेले असते, त्यातील ९० म्हणजे सुईची जाडी ०.९ मिलिमीटर होय. रेशमाला नेहमी नवी सुई लावावी.

सध्या मशीनवर अधिक महिन्याचे काम आहे. यंदा, २०२६ साली, ज्येष्ठ अधिक असून तो १७ मेपासून १५ जूनपर्यंत आहे. जावयाला ३३ अनारसे तबकात घालून देण्याची पद्धत आमच्याकडे पाळली जाते आणि त्या तबकावर घालण्यासाठी मी दोन थरांचा गोल रुमाल करत आहे. तबक १२ इंच व्यासाचे आहे, म्हणून रुमाल १६ इंच व्यासाचा बेतला. त्याच्या परिघासाठी जवळपास ५० इंच उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लागते आणि जोडासाठी दोन इंच अधिक धरावी. पट्टी दीड इंच रुंद आणि कापडाच्या तिरक्या रेषेवरच कापलेली असावी, कारण सरळ पट्टी गोलाईवर बसत नाही आणि तिला चुण्या पडतात. अनारशांचे तूप वरच्या खणाला लागू नये म्हणून खालचा मलमलीचा थर वेगळा ठेवून तो चार ठिकाणी केवळ बंदांनी जोडणार आहे. अधिक महिना सुमारे ३२-३३ महिन्यांनी येतो, त्यामुळे हा रुमाल मधल्या काळात बहिणीकडे रोजच्या पोळ्यांच्या डब्यावर घालण्यासाठी वापरला जाईल आणि त्या हिशेबाने वरच्या थरासाठीही धुण्यास टिकेल असा सुती खणच निवडला आहे. वरचा थर बेतून झाला आहे. उरेब पट्टी कापायची राहिली आहे.