चौथा कोपरा

कांद्याच्या हंगामात फोन आला की मी आधी एकच विचारतो, वजनकाटा बंद पडलाय की चुकतोय? बंद काट्यानं फक्त खोळंबा होतो. चुकणारा काटा मात्र चालूच असतो, आणि दर पाच मिनिटांनी त्यावरून कुणाचा ना कुणाचा ट्रॅक्टर जात असतो.

एप्रिलमध्ये आलेला फोन चुकणाऱ्या काट्याचा होता. नेवासे तालुक्यातल्या एका व्यापाऱ्याचं कांदा खरेदीचं खळं. एका शेतकऱ्यानं वाटेत धर्मकाट्यावर भरलेली गाडी मोजून आणली होती, ती इथं वीस किलो कमी दाखवत होती. बारा रुपयांचा भाव चालू होता, म्हणजे दोनशेच्या वर रुपये गेले. त्यानं धर्मकाट्याची पावती शेठसमोर धरली आणि ट्रॅक्टर काट्यावरून हलवायलाच नकार दिला. मागं रांग लागलेली.

मी 19 वर्षं वजनकाटे दुरुस्त करतो. हा 40 टनी काटा, खाली सहा लोडसेल, म्हणजे भार मोजणारे भाग. अशा काट्याची खरी परीक्षा कोपऱ्यांवर होते. मधोमध वजन ठेवलं तर एखादा कमजोर लोडसेल बाकीच्यांच्या आडोशाला लपून जातो. म्हणून वीस किलोची 50 प्रमाण वजनं एका कोपऱ्यावर रचायची, आकडा बघायचा, उचलून पुढच्या कोपऱ्यावर न्यायची. चार कोपरे म्हणजे चार टन हातानं उचलणं. त्या दिवशी हमालांनी मदत केली. पहिल्या कोपऱ्यावर 1000. दुसऱ्यावर, तिसऱ्यावर 1000. चौथ्यावर 990.

शंभराला एक किलो कमी. ट्रॉलीच्या मागच्या चाकाचा भार त्याच कोपऱ्यावर येत होता.

मग मी शेठच्या कपाटातून मागच्या देखभालीचा कागद काढला. तारीख 24 डिसेंबर. चारही कोपऱ्यांपुढं 1000 लिहिलेलं. खाली माझी सही.

मला ती संध्याकाळ लख्ख आठवली. दोन कोपरे झाले तेव्हा अंधार पडला होता, हमाल निघून गेले होते. नगरला नाताळच्या मध्यरात्रीच्या उपासनेला पोचायचं होतं, माझी मुलगी पहिल्यांदाच गायनवृंदात उभी राहणार होती. काटा नवा आहे, बरोबरच असणार, असं म्हणून मी उरलेल्या दोन कोपऱ्यांपुढं आकडे भरले आणि मोटरसायकलला किक मारली. रात्री प्रभूच्या जन्माची गाणी म्हटली. त्या कागदाची आठवणसुद्धा आली नाही.

शेठनं माझा चेहरा वाचला असावा. ते म्हणाले, “मिस्त्री, केबल उंदरानं कुरतडली असंल. नाहीतर जंक्शन बॉक्समध्ये पाणी गेलं असंल. डिसेंबरचं कशाला उकरता?” हे खरंही असू शकत होतं. लोडसेल कधी बिघडला हे सांगता येत नाही. पुढं ते म्हणाले, “बाहेर जाऊन एवढंच सांगा, काटा आजच बिघडला. तुम्ही ख्रिस्ती माणूस. तुमचं ऐकतील लोकं.”

त्यांनी हे मनापासून म्हटलं होतं, आणि म्हणूनच ते मला लागलं. माझं ऐकतील, ते कुणामुळं? नगरला अमेरिकन मराठी मिशन 1831 साली आलं. त्यानंतर आमच्यातले किती मास्तर, किती नर्सबाई, किती बायबलबाया या खेड्यापाड्यांत पायी फिरल्या. खोटं न बोलणारी माणसं हे नाव त्यांनी पिढ्यान् पिढ्या कमावलं. मी त्यांच्या खात्यावरून उचल घेऊन एका खोट्या आकड्यावर लावणार होतो.

शब्बाथ शाळेत असताना मला जक्कयाची गोष्ट फार आवडायची. ठेंगणा जकातदार येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढतो, त्याची गंमत वाटायची. उतरल्यावर तो म्हणतो, कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत देईन. हे वाक्य त्या खळ्यावर, हातात तो कागद धरून, मी पहिल्यांदा नीट ऐकलं.

मी बाहेर गेलो. म्हणालो, चौथा कोपरा कमी दाखवतोय. डिसेंबरात तो मी तपासलाच नव्हता आणि तपासला असं लिहून दिलं. शेठला हे माहीत नव्हतं.

कुणीतरी आईवरून शिवी दिली. मी ती घेतली. रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाबांनी मात्र शांतपणे विचारलं, “मग हिवाळ्यातल्या लाल कांद्याचं काय? त्यो बी ह्याच्यावरच मोजला आम्ही.”

याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. गाडी कुठल्या बाजूनं चढली, चाक कुठं टेकलं, यावर प्रत्येकाची तूट वेगळी. मी तसंच सांगितलं.

काटा बंद केला. सील तोडून दुरुस्ती झाली की वैधमापन निरीक्षकाची पडताळणी होईपर्यंत त्यावर माल मोजता येत नाही. ऐन हंगामात खळं थांबलं, शेठ माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. डिसेंबरपासूनची पावती जो आणेल त्याला गाडीमागं वीस किलोचे पैसे द्यायचे असं ठरलं. निम्मे माझ्या पगारातून. माझ्या मालकांनी मला कामावर ठेवलं, पण देखभालीच्या कागदावर आता माझ्या सहीशेजारी दुसऱ्याची सही लागते. ते योग्यच आहे.

पावत्या फार थोड्या आल्या. बहुतेकांनी ठेवल्याच नव्हत्या. ते बाबा आले ते रिकाम्या हातानं. त्यांच्या तीन गाड्या शेठच्या संगणकात सापडल्या.

डिसेंबरच्या त्या आठवड्यात मी आणखी चार काट्यांच्या कागदांवर सह्या केल्या होत्या. दोन पुन्हा तपासून झाले, चारही कोपरे 1000. उरलेल्या दोन्ही ठिकाणी सोमवारी जातोय, वजनं टेम्पोत भरून ठेवली आहेत.