तुम्ही विचारलंत म्हणून: पिकअप देऊन थार कधी घेताय?

हा प्रश्न मला आठवड्यातनं दोनदा तरी येतोच. रोपं न्यायला आलेला शेतकरी विचारतो, दाजी विचारतात, गंगावेशीत दूध कट्ट्यावर भेटलेला शाळेतला मित्र विचारतो आणि आमचं पोरगं तर विचारत पण नाही, सरळ मोबाईल तोंडापुढं धरतं, "पप्पा, हा कलर बघा." प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देऊन कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

माझी ऊसरोपांची नर्सरी हाय, पन्हाळा रोडला. पिकअप घेऊन येत्या फेब्रुवारीत आठ वर्षं होतील. या प्रश्नाची सुरुवात गेल्या वर्षीच्या जुलैत झाली, म्हणून तिथनंच सांगतो.

आडसाली लागणीचा सीझन होता. ज्यांना म्हायती नाही त्यांच्यासाठी, आडसाली म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये लावायचा ऊस, म्हणजे नेमका तेव्हाच जेव्हा आमच्याकडं आभाळ फाटलेलं असतं. एकराला साडेचार ते साडेपाच हजार रोपं लागतात, सरी किती फुटाची त्यावर. त्या दिवशी ८६०३२ या ऊसाच्या जातीची पाच हजार रोपं होती, ४२ कपांचे ट्रे, म्हणजे १२० च्या आसपास ट्रे हौद्यात लोखंडी रॅक करून लावलेले. डांबरी संपली आणि पाणंद चालू झाली. दोन्ही बाजूला पुरुषभर ऊस, मधे एक गाडीची वाट, आणि ट्रॅक्टरनी पाडलेल्या चाकोऱ्या इतक्या खोल की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासत होता. शंभर फूट बरी गेली. मग डावं मागचं चाक हळूच खाली बसलं, मी ॲक्सलरेटर दिला (तिथंच चुकतं माणूस), आणि ते चाक जाग्यावर भुर्र फिरत पार तुंब्यापर्यंत, म्हणजे चाकाच्या मधल्या भागापर्यंत, आत गेलं. उजवं चाक आपलं गप्प उभं, जसं काय त्याचा या भानगडीशी संबंधच नाही.

खाली उतरलो तर चप्पल तिथंच राहिली. शेतकरी म्हणाला ट्रॅक्टर बोलावतो, पण वापसा (रानात औत चालण्याजोगी ओल) नसला तरी गावातला प्रत्येक ट्रॅक्टर कुठंतरी गुंतलेलाच असतो. दीड तास गेला. वरनं पाऊस. शेवटी भाच्याला फोन लावला, तो त्याच्या मित्राला घेऊन आला, आणि त्या मित्राकडं थार. त्यानं गाडी कडक जमिनीवर उभी केली, जाड पट्टा काढला, माझ्या चासीच्या हुकाला लावला, गिअरच्या शेजारचा छोटा दांडा फोर-लो ला (चारही चाकांना ताकद, पण सावकाश) टाकला आणि अजिबात गडबड न करता, जणू बैल चाललाय तशी गाडी पुढं नेली. ना आवाज ना धूर. पिकअप पचाककन बाहेर. दोन मिनिटं लागली असतील. वरच्या रॅकचे सहा ट्रे तेवढे चिखलात गेले.

शेतकरी माझ्याकडं बघून म्हणाला, "दादा, हे असलं घ्या की." झालं. तिथनं ही गोष्ट गावभर झाली आणि खरं सांगायचं तर माझ्या पण डोक्यात बसली. उगाच कशाला खोटं बोलू, त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत यूट्यूबवर तेच बघत होतो.

मग टेस्ट ड्राईव्ह घेतली. थारमध्ये बसल्यावर काय होतं ते बसल्याशिवाय कळत नाही, पुढं ते चौकोनी बॉनेट दिसतं, आपण उंचावर, आणि शिरोली नाक्याला ट्रकवाला पण जरा जागा देतोय असं वाटतं. डिझेल इंजिन १३० हॉर्सपॉवरचं, जमिनीपासनं उंची २२६ मिलिमीटर, ६५० मिलिमीटर पाण्यातनं जाते असं कंपनी सांगते. चालवायला एक नंबर, यात वादच नाही. पण तिथं एक गोष्ट कळली जी मला थार घे म्हणणाऱ्या दहातल्या आठ जणांना म्हायती नव्हती. ती लोकं जी किंमत सांगतात ती दीड लिटर डिझेलची, आणि ती गाडी २०२३ ला आली तीच मुळात फक्त मागच्या चाकांवर चालणारी. म्हणजे माझ्या पिकअपसारखीच की! फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद जाणारी, पाहिजे तर २.२ डिझेल नाहीतर २ लिटर पेट्रोल घ्यावं लागतं, मग ती गाडी जीएसटीच्या ४० टक्क्यांच्या खान्यात जाते, वर डिझेल खासगी गाडीचा रोड टॅक्स. पिकअपसारख्या मालगाडीचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरनं १८ वर आला ते वेगळंच. नुसती थारसारखी दिसणारी गाडी घेऊन पाणंदीत शिरलो असतो तर भाच्याच्या मित्राला परत फोन.

मारुतीची जिम्नीपण बघितली. ती मला मनापासनं आवडली, वजन जेमतेम १२०० किलोच्या आसपास, त्यामुळं चिखलात रुतायच्या आधीच निघून जाते, आणि प्रत्येकीत फोर बाय फोर असतंच. पण पेट्रोल, आणि मागची सीट उभी ठेवली तर डिकीत दोन बॅगा. फोर्सच्या गुरखाला पुढचं-मागचं दोन्ही डिफरेन्शियल लॉक करता येतं, म्हणजे वर सांगितलं तसं एक चाक भुर्र आणि दुसरं गप्प हा प्रकारच होत नाही, खरं ऑफरोड म्हणाल तर ते. पण ती गाडी घरी आणायची तर आधी आमच्या बोळाचं काहीतरी करावं लागेल.

आता आईचं सांगतो. थार टेस्टला घरापर्यंत आणली होती, शोरूमचा पोरगा बरोबर होता. आई पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. ती उठली, पदर खोचला, गाडीला एक पूर्ण चक्कर मारली आणि विचारली, "ह्याला माझं दार कुठलं?" तीन दाराची होती ना. शोरूमच्या पोरानं लगबगीनं पुढची सीट पाडून दाखवली, असं चढायचं मावशी, सोप्पंय. आईनं एक पाय वर टाकला, गुडघ्याला हात लावला, पाय परत खाली ठेवला आणि म्हणाली, "मी जोतिबाला एस्टीनं जाईन." पोरगं लगेच म्हणतंय, आज्जी, थार रॉक्सला पाच दारं असतात. असतात, पण रॉक्सची फोर बाय फोर आणखी वरच्या आकड्याला, तो ऐकून आमची ही नुसती हसली आणि विचारली, "आणि ट्रे? डोक्यावर?"

इथं खरा मुद्दा सुरू होतो. मी वही काढली. मी सगळं वहीत लिहितो, कुणाला किती ट्रे गेले, किती परत आले (परत येत नाहीत त्याचं पुढं बघू). तीन वर्षांत गाडी कितीदा अडकली ते मोजलं. सात वेळा. सातही वेळा जुलै नाहीतर ऑगस्ट, आणि सातही वेळा गाडी भरलेली. रिकामी अडकणार नाही असं नाही, रिकामी पिकअप तर ओल्या गवतावर पण नाचते, मागं वजनच नसतं म्हणून, पण रिकामी असली की मी त्या वाटेनं जातोच कशाला? माझं ऑफरोडिंग जे काय हाय ते हौद्यात माल असतानाच होतं. मग थार घेऊन करू काय, मोकळाच पाणंदीत जाऊन शेतकऱ्याला नमस्कार करून येऊ?

काहीजण म्हणतात मागं ट्रेलर लाव. लावतो की. आणि चिखलात ट्रेलर रुतला की ट्रेलरसकट थार काढायला कुणाला बोलवू?

दुसरं म्हणजे हौस म्हणून जाणार कुठं. पोरगं म्हणतंय मसाई पठार. अरे बाबा, ते आता संवर्धन राखीव हाय, आणि नसतं तरी त्या सड्यावर गाडी घालणं मला पटत नाही. जांभ्यावर बोटभर मातीत ती फुलं येतात, एकदा टायर गेला की तो पट्टा पुढं कैक दिवस तसाच टकला दिसतो. दाजीपूरला अभयारण्यात आपली गाडी मनाला येईल तशी फिरवता येत नाही, फिरवू पण नये. गगनबावड्याला, करूळ घाटाला रस्ताच हाय, तिथं फोर बाय फोरचं काय काम? उलट थारमध्ये पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारं मधलं डिफरेन्शियल नसल्यानं डांबरीवर फोर-हाय टाकून वळण घेतलं की गाडी अडखळते, आतनं गिअर ताणतात. भाच्याच्या मित्राचीच गाडी, त्यानं आणल्यापासनं तो दांडा कितीदा टाकला विचारलं तर म्हणाला, "मामा, तुमच्यासाठी धरून चारदा."

आणि पूर. कोल्हापुरात गाडीचा विषय निघाला की शेवटी पुरावर येतोच. लोक म्हणतात पुरात थार असली की टेन्शन नाही. मला हे अजिबात मान्य नाही. २०१९ ला आणि परत २०२१ ला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४३. ६५० मिलिमीटर म्हणजे गुडघ्याच्या थोडं वर, आणि ते पण उभ्या पाण्यात, वाहत्या पाण्यात कुठलीही गाडी पालथी होते. पुरात गाडीचं काम पाणी यायच्या आधी असतं. ३९ फुटांचा इशारा झाला की चिखली, आंबेवाडीकडनं लोक सोनतळीकडं निघतात, आणि तेव्हा काय लागतं? हौदा लागतो. २०१९ ला मी एका दिवसात नऊ खेपा केल्या. गॅस सिलिंडर, धान्याची पोती, गाद्या, एक शिलाई मशीन, आणि एका खेपेला फाळका बांधून दोन वासरं, आणि त्यांच्यात बसलेली एक आज्जी, जी पुढं बसायला तयारच नव्हती कारण वासरं घाबरतील. म्हशी चालवत नेल्या लोकांनी. त्यानंतर चार दिवस मी पण बाकीच्यांसारखा घरातच बसून होतो, कारण हायवेच बंद.

पिकअपचं कौतुक करतोय असं वाटत असेल तर थांबा, तिच्या तक्रारी पण सांगतो. रिकामी चालवली की मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगमुळं प्रत्येक स्पीडब्रेकरला मागचा भाग उडतो आणि माझी कंबर ऑलरेडी गेलेली हाय. इन्शुरन्समध्ये थर्ड पार्टीचा जो ठरलेला भाग असतो तो २०२२ च्या दरानं पिकअपसारख्या मालगाडीला १६,०४९ रुपये, आणि १५०० सीसीच्या वरच्या खासगी गाडीला ७,८९७, म्हणजे निम्म्यानं कमी. पिवळी पाटी असल्यानं पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी), आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी. लग्नाला जायचं तर तिघंच पुढं, चौथा हौद्यात बसत नाही आता, नियमात पण नाही आणि पोरांच्या इज्जतीत पण नाही. पोरगी कॉलेजच्या गेटच्या दोनशे मीटर अलीकडं उतरते. मी बोलत नाही काही. आणि गल्लीतलं प्रत्येक कपाट, प्रत्येक फ्रीज, तालमीचा गणपती बापट कॅम्पातनं आणायचा असला तरी पहिला फोन मलाच, "गाडी हाय का रिकामी?" डिझेलचं कुणी बोलत नाही.

एका शोरूमनं एक्स्चेंजला जो आकडा सांगितला तो ऐकून तर मी नुसता चहा पिऊन आलो. पिवळ्या पाटीची गाडी म्हटल्यावर त्या माणसानं बाहेर येऊन गाडी बघितली पण नाही.

तर पिकअप द्यायची नाही असं ठरलं, आणि मी काय केलं ते सांगतो, कारण तेच कुणी विचारत नाही. मागचे दोन टायर जाड नक्षीचे टाकले. सीटमागं एक फावडं, भाच्याच्या मित्राकडं होता तसला पट्टा आणि सागवानी फळीचे दोन तुकडे कायम. चाक बसायला लागलं की ॲक्सलरेटर सोडायचा हे शिकलो, ते फुकट होतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे आडसालीची ऑर्डर घेताना आता मी आधी पाणंद कशी हाय ते विचारतो, आदल्या दिवशी बाईकवरनं जाऊन बघतो, खराब असली तर ट्रे डांबरीवर उतरवायचे आणि पुढं शेतकऱ्यानं ट्रॅक्टरनं न्यायचे. दोन-चार गिऱ्हाईकं नाराज झाली. या सीझनला एकदाच अडकलो, ते पण फळ्या टाकून निघालो.

फेब्रुवारीत आठ वर्षं झाली की पासिंग दरवर्षीचं होईल, तेव्हा गाडी बदलायचा विषय परत निघणार हे मला म्हायती हाय. बघायचीच झाली तर बोलेरो कॅम्पर बघीन, मागं हौदा, पुढं चार दारं, त्यात फोर बाय फोर पण येते. आईनं दाराची चौकशी करून ठेवलीय. पोराला अजून सांगितलेलं नाही.

आणि गेल्या सीझनचे चाळीस ट्रे अजून माघारी आलेले नाहीत. ज्यांच्याकडं असतील त्यांनी थारचं नंतर विचारा, आधी ते आणून द्या.