फ्रिजची घरघर आणि माझं संशोधन

फोटोग्राफी शिकवता शिकवताच मी संशोधनाला बसले. डॉक्युमेंटरी फोटो आणि ध्वनिमुद्रण शेजारी ठेवले की बघणाऱ्याचं काय होतं, हा विषय. पहिल्या सादरीकरणात घरी शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचे फोटो दाखवले, मागे मशीनची खडखड. समितीतल्या एकांनी विचारलं, "फोटोत मशीन, आवाजही मशीनचाच. मग आवाज कशाला हवा?" राग आला. घरी येऊन ऐकलं, तर त्यांचं बरोबरच होतं.

मग मूळ फाइल उघडली. खडखडीखाली फ्रिजची घरघर होती, जी मी नॉइज रिडक्शन लावून नेमाने पुसत आले होते. कॅनडाचे संगीतकार आणि ध्वनी-अभ्यासक मरे शेफर अशा आवाजाला 'कीनोट' म्हणत: इतका सततचा, की तिथे राहणाऱ्याला तो ऐकूच येत नाही. मी ती घरघर परत आणली आणि बाईंच्या रिकाम्या खुर्चीच्या फोटोला जोडली. चाळीस सेकंदांनी कॉम्प्रेसर बंद होतो. त्या क्षणी खुर्ची जास्तच रिकामी दिसते. फोटोत फ्रिज कुठेच नाही.

वर्गातही तेव्हापासून पहिले दोन आठवडे कॅमेऱ्याला बंदी, फक्त आवाज टिपायचे. मुलं कुरकुरतात. रेकॉर्डर सगळे ऑटोवर ठेवतात, मग शांतता आली की यंत्र आपणहून आवाज वर खेचतं आणि खोली धापा टाकल्यासारखी वाटते. लेव्हल हाताने लावा, सगळ्यात मोठा आवाज उणे 12 डेसिबलच्या आसपास (शून्य म्हणजे यंत्राची कमाल मर्यादा) ठेवा, हे मी किती वेळा सांगते, मोजलेलं नाही. एका मुलाने पादचारी पुलाच्या लोखंडी कठड्याला पिएझोची चकती, म्हणजे वस्तूतली कंपनं टिपणारा चपटा मायक, चिकटवली. माणूस दिसायच्या आधी त्याची पावलं कानात यायची. नंतर त्याने फोटो काढले ते नुसत्या कठड्याचे. आवाजात मात्र अख्खी गर्दी! मला हे सुचलं नसतं.

सगळ्यात जास्त दमवलं ते संमतिपत्राने. चेहऱ्यासाठी रकाना होता, आवाजासाठी नव्हता. बाईंची मुलगी शेजारच्या खोलीत फोनवर बोलत होती, तेही मुद्रित झालेलं. चेहरा धूसर करता येतो. आवाजाची पट्टी बदलली तरी बोलण्याची ढब घरच्यांना लगेच कळते. माझ्याकडचा सगळ्यात जिवंत तुकडा तो होता, पण काढला. मग आवाजाचा रकाना घालून नवीन पत्रक केलं, बाईंना सगळं मुद्रण ऐकवलं आणि पुन्हा सही घेतली. यात एक सत्र गेलं.

तोंडी परीक्षेत अपेक्षित प्रश्न आलाच: यात संशोधन कुठे आहे? मी एकाच खुर्चीच्या तीन आवृत्त्या लावल्या: मशीनची, पुसलेली, घरघरीची. तिसरीला प्रोजेक्टरचा पंखा मध्ये आला आणि घरघर त्यात बुडाली. प्रोजेक्टर बंद करायला सांगितला, खुर्चीचा छापील फोटो पिशवीत होता तो परीक्षकांच्या हातात दिला आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.