सुप्याच्या माळरानावर, पावसाच्या आधी

मे महिना आला की पुण्यातली बरीच पक्षीवाली मंडळी दुर्बीण कपाटात ठेवतात. भोरड्या गेल्या, भोवत्या (शिकारी पक्षी) गेले, हिवाळी पाहुणे संपले, आता उन्हात जाऊन बघायचं काय? पण मला विचाराल तर मोकळ्या रानात फिरायला हाच टाइम बेस्ट, कारण बारा महिने इथेच राहणाऱ्या बऱ्याच पक्ष्यांची अंडी-पिल्लं आत्ता जमिनीवर असतात.

रोहिणी नक्षत्र लागलं त्या आठवड्यात आम्ही दोघं मित्र पहाटे निघून दिवे घाट, सासवड, जेजुरी, मोरगाव करत बारामती तालुक्यातल्या सुप्याला गेलो. तिथलं मयूरेश्वर अभयारण्य चिंकारांसाठी फेमस आहे, जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं, पण आम्ही आत न जाता बाहेरच्या जिरायत पट्ट्यातच थांबलो. बाजरीसाठी नांगरून तापत टाकलेली रानं, मधेमधे पडीक तुकडे, बांधावर बाभळी-बोरी. बघणाऱ्याला वाटावं नुसती ढेकळं आहेत.

आणि त्यातलंच एक ढेकूळ पळायला लागलं! धाविक, माळरानावर राहणारा पक्षी. तुरुतुरु धावणार, गपकन थांबणार, मान ताठ करून बघणार, परत धावणार. तांबूस छाती, डोळ्यावरून मागे गेलेली पांढरी भुवई, पांढुरके लांब पाय, आणि थांबला की मातीत असा मिसळतो की दुर्बीण हलली तर परत शोधत बसा. वर डोंबारीचा, म्हणजे एका छोट्या चंडोलाचा, नर सूर मारत होता, शीळ घालत खाली यायचा आणि जमिनीला टेकणार असं वाटतानाच परत वर.

थोडं पुढे ट्रॅक्टरवाले एक काका भेटले. म्हणाले, "पाव्हणं, तिकडं नका जाऊ, टिटवी बसलीया अंड्यावर, त्येवढा तुकडा सोडलाय म्या." खरंच, नांगरटीत एक चौकोन तसाच ठेवलेला. आम्ही लांब बाभळीखाली बसलो. माळटिटवी, चोचीपाशी पिवळ्या गाठी, डोक्यावर काळी टोपी. ऊन चढलं तशी ती उठली, जनावरांच्या हौदापाशी सांडलेल्या पाण्यात पोट बुडवून आली आणि ओल्या पिसांनी परत अंड्यांवर बसली. या दिवसांत तिला अंडी उबवण्यापेक्षा थंड ठेवायचं काम जास्त. पखुर्डी हा माळावरचाच दुसरा पक्षी, तिचा नर तर पोटाच्या पिसांत पाणी भरून पिल्लांसाठी घेऊन जातो, पिल्लं ती पिसं चोखून पाणी पितात. आठनंतर पखुर्ड्यांचे थवे तळ्याकडे गेले, पण फार वेगात, फोटोबिटो काही मिळाला नाही.

सातबाऱ्यावर पोटखराब, म्हणजे लागवडीला निकामी, लिहिलेली ही जमीन म्हणजे या पक्ष्यांचं घर आहे आणि ते झपाट्याने जातंय. रस्त्याला लागून प्लॉटिंगच्या तारा दिसतात. काही ठिकाणी चांगल्या मनाने झाडं लावतात, पण जमिनीवर अंडी घालणाऱ्याला चारी बाजूंनी मोकळं दिसायला लागतं, झाडं आली की त्यावर अंड्यांवर टपलेले कावळे येऊन बसतात. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक असाच जवळजवळ नाहीसा झालेला आपण बघितलाय, म्हणून जास्त भीती वाटते.

जायचं असेल तर मृगाच्या आधी जा. गाडी रस्त्यावरच ठेवा, शेतात शिरायच्या आधी मालकाला विचारा, आणि टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागली तर लगेच मागे फिरा, कारण ती जेवढा वेळ तुमच्या मागे तेवढा वेळ अंडी उन्हात उघडी.